नदीकाठी मुद्दाम चढवलेली जुनी जहाजं, आणि आपल्या भीमेवरच्या नावा कुठं गेल्या?

भुईकोटकट्टा :

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडं ब्रिस्टलला होतो. इथं सोलापुरात ४३-४४ तापमान आणि मी तिथं मे महिन्यात स्वेटर घालून खिडकीत बसलेलो. जावई एका रविवारी म्हणाला, बाबा किल्ला बघायचा का चर्च बघायचं, म्हणलं दोन्ही झालं की रे, आता काहीतरी कामाचं दाखव. तर म्हणाला चला मग, तुम्हाला भंगार दाखवतो. तो चेष्टेत म्हणाला, पण तासाभरानं गाडीतनं उतरलो तर खरंच भंगारच.

गावाचं नाव पर्टन, ग्लॉस्टरशायरमध्ये. सेव्हर्न म्हणून मोठी नदी आहे, पण तिथं ती नदी कमी आणि खाडी जास्त, पाणी एकदम चहासारखं गढूळ. नदीला लागूनच एक कालवा जातो, ग्लॉस्टर ते शार्पनेस, साधारण २६ किलोमीटर, १८२७ साली सुरू झालेला. नदीचं पात्र फसवं, वाळूचे दांडे सारखे जागा बदलणारे, म्हणून मोठी जहाजं ग्लॉस्टरपर्यंत नेता यावीत यासाठी बाजूनं हा कालवा खणला. आता गंमत बघा, पर्टनला कालवा आणि नदी यांच्यामध्ये नुसती एक मातीची पट्टी आहे. एका हाताला शांत कालवा, बदकं, कुत्री फिरवणारी माणसं, आणि दुसऱ्या हाताला ही पिसाळलेली नदी.

१९०९ मध्ये ती पट्टी ढासळली. अजून थोडी ढासळली असती तर सगळा कालवा नदीत रिकामा झाला असता, धंदा बसला असता. कालवा कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता कलिस म्हणून, त्यानं डोकं चालवलं. शार्पनेसच्या गोदीत जुनी, कामातनं गेलेली लाकडी जहाजं पडलेलीच होती. ती मोठ्या भरतीच्या वेळी ओढत आणायची, पाणी अगदी काठाच्या वर आलं की काठावर चढवायची आणि बुडाला भोक पाडायचं. झालं. पुढची भरती येणार, गढूळ पाणी आत शिरणार, गाळ ठेवून निघून जाणार. असं करत करत जहाज गाळानं गच्च भरतं आणि जागेवर बसतं, मग त्याला कोण हलवणार. एकदा जमलं म्हणल्यावर पुढं कितीतरी दशकं हेच चालू राहिलं, आज तिथं ऐंशीच्या वर सांगाडे आहेत.

जवळ गेलो तर पहिल्यांदा जहाज दिसतच नाही हो. गवताचा उंचवटा दिसतो, आपल्याकडं शेताच्या बांधाला असतो तसा. नीट बघितल्यावर कळतं की ह्या बांधाला एक टोक आहे, टोकातनं एक जाड खांब वर आलाय, त्याला लोखंडी पट्ट्या ठोकल्यात, म्हणजे हे सुकाणू. मग एकदम डोळे उघडल्यासारखं होतं, सगळ्या काठानं जहाजंच जहाजं, एकाला एक लागून, काही जागी एकाच्या पोटात दुसरं. लाकूड राखाडी-चंदेरी झालंय, रेषा वर आल्यात, शंभर वेळा धुतलेल्या चादरीवर कसा धागा उठून दिसतो तसं. मी एका कडीला हात लावला तर बोटाला कुंकवासारखा गंज आला. आत बघावं तर काठोकाठ चिखल, वर गवत, त्यात एक पिवळं फूल. प्रत्येकासमोर छोटी पाटी, जहाजाचं नाव, कधी बांधलं, कुठं बांधलं. ह्या पाट्या तिथल्या हौशी लोकांनी लावल्यात म्हणे. तिकीट नाही, कुंपण नाही, वॉचमन नाही.

मी तिथंच गवतावर बसलो. जावयाला वाटलं बाबांचा गुडघा दुखतोय. मला आपली मिल आठवली. बंद पडल्यावर शेवटचा पगार आणायला गेलो होतो (पूर्ण मिळाला नाही तो विषय वेगळा), तेव्हा लूम शेडच्या कोपऱ्यात धोट्यांचा (मागावर आडवा दोरा इकडून तिकडं नेणारी लाकडी वस्तू) ढीग पडलेला. धोटा म्हणजे आकारानं होडीच की ओ, दोन्हीकडं टोक, मध्ये पोकळ. पर्टनचा तो काठ बघून मला तोच ढीग दिसला, फक्त शंभरपट मोठा. फरक एवढाच की आपले लूम वजनावर गेले, आणि ही जहाजं मेल्यावर पण ड्युटीवर आहेत.

आता मुद्द्याचं. परत आल्यापासून डोक्यात एकच. आपला जिल्हा पाण्याचा नाही हे खरं, पण भीमा आहे, सीना आहे. पूल व्हायच्या आधी लोक नावेनंच पलीकडं जात होते ना? मग त्या नावा गेल्या कुठं? कुणी कुठं काठावर पडलेली, गोठ्यात उभी केलेली, काहीही बघितली असेल तर सांगा. मला सरकारी माहिती नको, डोळ्यानं बघितलेलं हवंय.

---

चादरवाला :

अप्पा, धोट्याचं एक नंबर लिहिलंत. माझ्याकडं वडिलांचा एक आहे, शिसवी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. बायको म्हणते शोकेसमध्ये काय ठेवलंय हे. आता कळलं, जहाज आहे म्हणून सांगतो.

---

पाणीदार_सोलापूर :

लेख चांगलाय पण राग मानू नका, इथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय, ते पण रात्री दोन वाजता, आणि आपण इंग्लंडातल्या कुजक्या लाकडाचा वारसा जपायचा? तिकडच्या लोकांना कामं नाहीत. भंगार ते भंगार, त्याला वारसा म्हणलं की भंगारच्या आधी जी एस टी लागतो एवढाच फरक.

---

भुईकोटकट्टा :

पाणीदार, राग कसला. पण तुमच्याच मुद्द्याचं सांगतो. ज्या कालव्याला ही जहाजं धरून बसलीत ना, त्याच कालव्यातनं ब्रिस्टल शहराचं पिण्याचं पाणी जातं. पर्टनलाच जलशुद्धीकरण केंद्र आहे, शहराला लागतं त्याच्या निम्म्यापर्यंत पाणी तिथनं. लेकीच्या घरी मी नळाखाली जो पेला धरत होतो त्यातलं पाणी ह्या कुजक्या लाकडाच्या पलीकडनं आलेलं असणार. आपल्याकडं उजनीपासनं शंभर किलोमीटरवरनं पाइपलाइन येते, तिचा एक तुकडा फुटला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

---

पाणीदार_सोलापूर :

बरं, हे माहीत नव्हतं. अर्धा शब्द मागे घेतो. अर्धाच.

---

खारावारा :

मी मूळचा देवगडचा, नोकरीनं पंचवीस वर्षं सोलापुरात. समुद्राचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो.

भुईकोटकाका, तुम्ही मोठी भरती लिहिलंय, आमच्याकडं त्याला उधाण म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी फार चढत पण नाही उतरत पण नाही. जहाज काठावर चढवायचं तर उधाणच हवं, भांगाला चढवाल तर पुढच्या उधाणाला ते परत तरंगून जाईल. आणि सेव्हर्नची भरती म्हणजे चेष्टा नाही, जगातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांमध्ये मोजतात, खालच्या अंगाला चौदा-पंधरा मीटरचा फरक पडतो. मुंबईला मोठ्या उधाणाला पाच मीटर झालं तर न्यूज चॅनलवाले छत्री घेऊन मरीन ड्राइव्हला उभे राहतात, त्यावरनं अंदाज करा. पाच मजली बिल्डिंग एवढं पाणी सहा तासात वर आणि सहा तासात खाली.

आपल्याकडं हीच युक्ती उलट्या कामाला वापरतात. गुजरातमध्ये अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात, ते तिथंच का, तर खंभातच्या आखाताची भरती पण दहा मीटरच्या घरात जाते. उधाणाला जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्यावर घालायचं, पाणी उतरलं की ते कोरड्यावर, मग गॅस कटर घेऊन माणसं चढतात. भरती तीच, एकीकडं जहाज कापायला घेतात आणि एकीकडं बांध घालायला.

पण सगळीकडं जहाज बसवलं की काठ वाचतो असं समजू नका बरं का. गोव्यात कांदोळीला २००० सालच्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस जहाज अडकलं ते २०१२ पर्यंत तिथंच. तिथल्या लोकांची तक्रार की त्याच्यामुळंच आमची वाळू वाहून गेली. कारण उघड्या समुद्रात लाटा जहाजाला वळसा घालून बाजूची वाळू उकरतात. सेव्हर्नला पाण्यातच गाळ एवढा की जहाज आपोआप भरतं. आणि रत्नागिरीला मिऱ्यावर निसर्ग वादळात, ३ जून २०२०, बसरा स्टार येऊन आदळलं होतं. आम्ही गावी जाताना वाट वाकडी करून बघायला गेलो होतो, बंधाऱ्यावर सेल्फीवाल्यांची रांग आणि दोन भेळवाले.

---

बेधडक_सोलापुरी :

काय बे खारावारा, पासवर्ड विसरला म्हणतो आन् एवढं मोठं लिवतो.

जहाजाचं म्हणाल तर म्या रोज जहाजावर बसूनच कामाला जालालोय. बजाज व्ही हाय माझ्याकडं, विक्रांत भंगारात काढली ना २०१४ ला, तिचं लोखंड घालून काढलेली गाडी. पार्कवर लावली की मित्र म्हणतेत आला बे नौदल. टाकीवर लिवलंय तसं. सव्वा लाख किलोमीटर झाली, अजून मायलेज देलालीय.

---

चादरवाला :

हा हा, सोलापुरात चालू असलेलं एकमेव जहाज.

---

आरती_बांधकाम :

मी सिव्हिलवाली, पाटबंधाऱ्याची कामं बघितलीत म्हणून चार ओळी.

ही आयडिया आपल्याला विचित्र वाटते पण तत्त्व साधं आहे. काठ का ढासळतो, तर पाणी पायथ्याची माती ओढून नेतं आणि वरचा भाग लोंबकळत राहतो. पायथ्याला जड काहीतरी हवं, आणि ते पाण्याचा वेग मारणारं हवं. आपण दगडाचं पिचिंग करतो, जाळीत दगड भरून गॅबियन लावतो. कलिससाहेबाकडं दगड आणायला पैसा आणि वेळ नसणार, जहाजं फुकट होती, आणि एकेका जहाजाचं पोट म्हणजे तयार पेटी, भरायचं काम नदीच करणार. मजुरी शून्य. मला तर हा माणूस आवडला.

काकांनी एक लिहिलं नाही, तिथं काँक्रीटची जहाजं पण आहेत ना? दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना म्हणून फेरोकाँक्रीटचे बार्ज बांधले होते त्यातले काही पर्टनला आहेत. माझ्या भाच्याला सांगितलं तर म्हणाला मावशी काँक्रीट बुडतं. म्हणलं बाळा लोखंड पण बुडतं, तरी आय एन एस विक्रांत तरंगत होतीच की. स्टीलची वाटी पाण्यात ठेवून दाखवली तेव्हा पटलं.

अजून एक. मुद्दाम चढवलेलं जहाज आणि अपघातात गेलेलं जहाज यात फरक ठेवा. पर्टनच्या जवळच खरा अपघात झालेला आहे. २५ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दाट धुकं, तेल वाहणारे दोन बार्ज शार्पनेसच्या तोंडाशी चुकले, भरतीनं वर ओढले गेले, एकमेकांना अडकले आणि सेव्हर्नच्या रेल्वे पुलाच्या खांबावर आदळले. खांब गेला, दोन गाळे खाली आले, तेलानं पेट घेतला. दोन्ही बोटींवर मिळून आठ माणसं, त्यातली पाच गेली. तो पूल पुन्हा दुरुस्त केलाच नाही, शेवटी पाडला. ओहोटीला त्या दोन बोटींचे सांगाडे अजून दिसतात म्हणे.

---

भुईकोटकट्टा :

आरतीताई, दिसतात. जावयानं बोट करून दाखवलं, लांब पात्रात दोन काळे ठिपके. मी ते लिहिलं नाही कारण तिथं बघताना मला बरं वाटलं नाही. काठावरच्या जहाजांजवळ कसं, म्हातारी माणसं उन्हाला बसल्यासारखं वाटतं. ते दोन ठिपके वेगळे.

काँक्रीटची बघितली, हो. खरं सांगू, तीच सगळ्यात चांगल्या तब्येतीत आहेत. लाकडाचीच वाईट अवस्था. वर्षानुवर्षं लोकांनी फळ्या उचकटून नेल्या, शेकोट्या केल्या, काही तर पेटवूनच दिली. म्हणजे पाणीदार, तिकडं पण तुमच्या मताचे लोक आहेत.

---

पाणीदार_सोलापूर :

मी मत मांडलं, काडी नाही लावली हो.

पण सिरियसली विचारतो. एवढं प्रेम आहे तर उचलून म्युझियममध्ये का ठेवत नाहीत? उघड्यावर पावसात सडत ठेवायचं आणि पाट्या लावायच्या याला जपणूक कसं म्हणायचं?

---

खारावारा :

पाणीदार, लाकडाचं जहाज शंभर वर्षं चिखलात बसल्यावर त्याला उचलायचं म्हणजे भिजलेली पोळी उलथण्यानं उचलण्यासारखं आहे. चिखल आहे म्हणून ते धरून आहे. गाळाखाली हवा जात नाही, त्यामुळं खालचा भाग चांगला राहतो, वर उघडा राहिलेला कुजतो.

आणि काही ठेवलीत ना त्यांनी. सेव्हर्नवर पूर्वी ट्रो नावाची सपाट बुडाची मालवाहू होडी चालायची, खडीपासनं मिठापर्यंत सगळं वाहायची, आपल्या पडावासारखीच समजा. तशी एकच शाबूत उरलीय, स्प्राय नावाची, १८९४ ची, ती आयर्नब्रिजकडं ब्लिस्ट्स हिलच्या म्युझियममध्ये छपराखाली आहे. बाकी ट्रो बघायची तर पर्टनच्या गवतात. तिथंच हॅरिएट म्हणून एक बार्ज आहे, १९०५ ला विल्टशायरमध्ये कालव्याकाठच्या हनीस्ट्रीट गावात बांधलेली. त्या पद्धतीची दुसरी शिल्लक नाही, म्हणून तिला जुन्या किल्ल्याला देतात तसं कायद्याचं संरक्षण दिलंय.

आमच्या कोकणात ते पण नाही. गलबतं, मचवे, फत्तेमाऱ्या, एवढ्या पिढ्या समुद्रावर काढल्या, जुनं गलबत कुठं पडलेलं दाखवा म्हणलं तर माझ्या गावात एक नाही. सगळी चुलीत गेली. चांगलं सागवान होतं, मस्त जळलं असणार.

---

आरती_बांधकाम :

चुलीत गेलं नाही ते दगडात आहे. बोरिवलीला एक्सर गावात वीरगळ आहेत, हजारेक वर्षांपूर्वीचे, त्यातल्या काहींवर चक्क समुद्रावरची लढाई कोरलीय. ओळीनं होड्या, एकेका होडीला वल्ह्यांची रांग. गावकरी पिढ्यान् पिढ्या त्यांना देव म्हणून शेंदूर लावत आलेत म्हणून ते शाबूत. मला वाटतं आपल्याकडं वस्तू टिकवायचे दोनच मार्ग, एकतर शेंदूर लावा नाहीतर कामाला लावा.

---

हुरडाप्रेमी :

भुईकोटकाका, नावा विचारल्यात म्हणून आमच्या माढ्याकडचं सांगतो. आमच्या आज्याच्या वेळेला लहान कामाला नावेसाठी वगैरे कुणी थांबायचं नाही. सांगड असायची. वाळलेले मोठे भोपळे एकत्र बांधायचे, त्यावर बाज टाकायची, बाजेवर बाळंतीण आणि दोन बाजूला दोन पोहणारे गडी. आमची आत्या अशीच सांगडीवरनं माहेरी आली म्हणतात, आणि अर्ध्या पाण्यात रडायला लागली म्हणून तिचं नाव गंगा. (खरं खोटं आजीला माहीत, आजी गेली.)

आणि पूर आला की काहिल. गुऱ्हाळाची काहिल हो, ज्यात रस आटवतात ती. चांगली दोन पुरुष रुंद, लोखंडी, सपाट. पुरात तीच होडी. तीन माणसं आणि एक शेळी बसलेली मी स्वतः बघितलीय. फक्त मध्येच बसायचं, कडेला सरकलं की गेलं. गरगर फिरते ती, तोंड कुठं पाठ कुठं कळत नाही. अक्कलकोटच्या पलीकडं कर्नाटकात गेलं की तिकडं बांबूची गोल कातडी होडी, हरगोल म्हणतात, तिची ही लोखंडी चुलतबहीण.

आमची काहिल अजून आहे. बुडाला भोक पडलं तेव्हापासून तीत कोंबड्यांना पाणी ठेवतात, म्हणजे भोक वरच्या अंगाला राहील अशी कलती करून. आता पर्टनचं वाचून वाटलं की हिला पण एक पाटी लावावी, नाव, सन, गुऱ्हाळ.

---

बेधडक_सोलापुरी :

पाटीवर कोंबड्याचं नाव बी घाल की.

---

चादरवाला :

उजनीचं कुणी बोलेना. दर दोन-तीन वर्षांनी धरण मायनसमध्ये जातं आणि पाणी मागं सरकलं की भेगाळलेल्या चिखलात चिलापीवाल्यांच्या होड्या पालथ्या पडलेल्या असतात. पळसदेवचं देऊळ वर येतं ते बघायला गर्दी होते, पण देवळाच्या वाटेवर त्या होड्या असतात त्याकडं कोण बघतंय. एकदा मी एका दादांना विचारलं, ही होडी सोडून दिली का? तर म्हणाले, सोडली कशाला, पाणी रजेवर गेलंय, येईल की.

हे पण खरंय ना? पर्टनला जहाज काठावर चढवलं, उजनीला काठच होडीपासून लांब गेला. तिकडं उझबेकिस्तानात मोयनाक म्हणून गाव आहे, अरल समुद्र आटला आणि मासेमारीची लोखंडी जहाजं वाळवंटात उभी राहिली, तिथं मात्र पाणी रजेवर नाही, कायमचंच गेलं.

---

भुईकोटकट्टा :

पाणी रजेवर गेलंय, हे वाक्य मी आता उरलेलं आयुष्य वापरणार.

---

भीमाकाठचा :

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. बरेच दिवस वाचत होतो. आम्ही कोळी, दक्षिण सोलापूरकडचं भीमेकाठचं गाव, नाव लिहीत नाही कारण गावातले बरेच जण इथं आहेत.

आमच्या पणज्याकडं गावाची नाव होती. आजोबांनी पण चालवली, पूल झाला तशी बंद पडली. पैसे रोजच्या रोज कुणी देत नव्हतं, सुगी झाली की घरटी ज्वारी मिळायची, पायली का दोन पायली काय ठरलेलं असायचं, आणि परगावचा माणूस असला तर रोख. नावेत बैलगाडी चढायची म्हणजे केवढी असेल बघा. चाकं काढून ठेवायची, बैल पोहत न्यायचे, शेपटी धरून.

ती नाव पूल झाल्यावर काठावर ओढून ठेवलेली, लहानपणी आम्ही तिच्यात लपाछपी खेळलो. मग एका वर्षी दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं पुरात वाहून गेली. काल हा धागा वाचून आजीला फोन केला, आजी, नाव कुठं गेली गं आपली? तर आजी म्हणली, कुठं जातीय, डोक्यावर हाय की.

मला कळलंच नाही. मग म्हणली, गोठ्याच्या आढ्याला बघ. रविवारी जाऊन बघतो आणि सांगतो.

---

भुईकोटकट्टा :

अहो राव! रविवारपर्यंत कसं थांबायचं आता. जाताना टेप घेऊन जा, आणि फळीची जाडी, खिळे, फटी कशानं बुजवल्यात, सगळं बघा. आजीला माझा नमस्कार सांगा.

---

खारावारा :

फळीला वास घेऊन बघा. डांबर किंवा माशाचं तेल लावलेलं असेल तर इतक्या वर्षांनी पण घासल्यावर येतो.

---

पाणीदार_सोलापूर :

मी पण थांबलोय बरं का. उरलेला अर्धा शब्द राखून ठेवलाय.

---

भीमाकाठचा :

जाऊन आलो. फोटो चढेनात म्हणून लिहून सांगतो.

गोठ्याचं मधलं आढं म्हणजे नावेच्या बुडाचं मधलं लाकूड आहे. अकरा फूट आणि वर चार बोटं. खालच्या अंगाला घासून घासून खोलगट झालंय, वाळूवर ओढताना झालं असणार. त्याच्यावर आडव्या सात फळ्या, त्या नावेच्या कुशीच्या, म्हणून जरा वाकड्या आहेत, त्यामुळं पत्र्याला मध्ये फुगवटा आलाय. लहानपणापासनं तो फुगवटा बघत आलो, वाटायचं गवंड्याचं काम कच्चं आहे. दोन फळ्यांच्या जोडाला चिंध्या ठासलेल्या दिसल्या, काळ्या कट्ट झाल्यात, नखानं कोरलं तर लुगड्याच्या काठासारखा लाल दोरा निघाला. वास घेतला, आला थोडा डांबराचा, पण म्हशीचा जास्त येत होता.

मी आजीला म्हणलं, हे काढून नीट ठेवू का, सोलापुरात दाखवायला नेता येईल, चांगली माणसं आहेत बघणारी. तर आजी म्हणली, आणि पत्रं काय तुझ्या डोक्यावर ठिवू का? चाळीस पावसाळे धरून हाय ती, तिला बसू दे जागच्या जागी.

एक राहिलं. काकांनी खिळे बघायला सांगितले होते. चौकोनी आहेत, लोहारानं हातानं केलेले, डोकं माझ्या अंगठ्याएवढं. मोजायला लागलो तर पंधरा झाले, सोळाव्याला आजीनं दुधाची कासंडी अडकवलीय, ती काढू दिली नाही.